पाण्यातल्या हायड्रोजनने मायलेज वाढतं का?

गाडीत ‘एचएचओ किट’, म्हणजे पाण्याचं विघटन करून हायड्रोजन इंजिनाला देणारं उपकरण, बसवायचा विचार आहे? आधी हिशेब बघा. पाण्याचं विघटन करायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटर फिरतो इंजिनातलं पेट्रोल जाळूनच! १२ व्होल्टवर २० अँपिअर म्हणजे २४० वॉट. तेवढ्यासाठी पेट्रोलमधली साधारण दीड किलोवॉट ऊर्जा खर्ची पडते, कारण इंजिन आणि अल्टरनेटर दोघंही बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतात. मिळालेला हायड्रोजन मात्र २४० वॉटपेक्षाही कमीच परत देतो. म्हणजे निव्वळ तोटा.

‘पाण्यावर चालणाऱ्या’ बग्गीचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयरविरुद्ध ओहायोतल्या कोर्टाने १९९६ मध्ये फसवणुकीचा निकाल दिला आणि दोन गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला लावले.

हायड्रोजन मला मनापासून आवडतो, पण टोयोटा मिराय या गाडीतल्यासारखा, बाहेर तयार करून टाकीत भरलेला. किटचे पैसे वाचवा, मायलेजसाठी टायरमधली हवा नियमित तपासा.