अंतराळातली घंटागाडी! आठ भागांत गुंडाळलेली ‘क्वार्क’ मालिका आज का आठवावी?

परभणी : गल्लीबोळांतून रोज सकाळी घंटागाडी फिरते, तशी एखादी गाडी अवकाशात फिरली तर? अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीने नेमक्या याच कल्पनेवर एक विनोदी मालिका काढली होती. नाव ‘क्वार्क’. नायक अंतराळयानाचा कमांडर, पण काम कचरा उचलण्याचं. १९७८ मध्ये मालिका सुरू झाली आणि आधीचा पायलट भाग धरून जेमतेम आठ भागांत बंद पडली. तेव्हा हसण्यावारी गेलेलं हे काम आता जगभरातल्या अंतराळ संस्थांना खरंच करायला घ्यावं लागतंय. त्याची झळ कुठपर्यंत येऊ शकते, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावाने चार वर्षांपूर्वी पाहिलंय.

मालिकेत होतं काय?

‘क्वार्क’चा कर्ता बक हेन्री. मेल ब्रुक्सच्या जोडीने त्याने ‘गेट स्मार्ट’ ही गुप्तहेरांची टर उडवणारी मालिका तयार केली होती. या वेळी निशाण्यावर ‘स्टार ट्रेक’सारख्या अंतराळकथा होत्या. ॲडम क्वार्कला (अभिनेता रिचर्ड बेंजामिन) मोठमोठ्या मोहिमा हव्या असतात. नेमणूक मात्र होते ‘युनायटेड गॅलेक्सी सॅनिटेशन पेट्रोल’मध्ये, म्हणजे आकाशगंगेच्या सफाई खात्यात. अवकाशात तरंगणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्या गोळा करायच्या, हीच ड्युटी. साहेब ऑटो पॅलिंड्रोम स्थानकावर बसून ऑर्डर सोडतो. त्याच्याही वरचे साहेब तर स्क्रीनवर नुसतं एक भलंमोठं डोकं म्हणून दिसतात. कुठल्याही सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

यानावर बेटी नावाच्या दोघी आहेत. एक खरी, दुसरी तिचा क्लोन. दोघी एकमेकींकडे बोट दाखवून ‘ही क्लोन’ म्हणतात. सुट्या भागांतून जोडलेला ॲंडी हा यंत्रमानव कमालीचा भित्रा. आणि फायकस नावाचा अधिकारी माणसासारखा दिसतो, पण आहे वनस्पती. भावना शून्य, तर्क पक्का. म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकचीच नक्कल. कृषी विद्यापीठाच्या परभणीत या नावाची गंमत जास्त कळेल. वड, पिंपळ आणि उंबर ज्या वनस्पती प्रजातीत (जीनस) येतात, तिचं शास्त्रीय नाव फायकसच!

सगळंच भारी होतं असं नाही. स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही स्वभावांच्या ‘जीन’ या पात्रावरचे विनोद आज पाहताना खटकतात.

मग बंद का पडली?

सरळ उत्तर, प्रेक्षक कमी पडले. पण वेळेचाही घोळ होता. पायलट भाग ७ मे १९७७ ला दाखवला गेला आणि १८ दिवसांनी, २५ मे रोजी ‘स्टार वॉर्स’ थिएटरात आला. नियमित मालिका सुरू व्हायला २४ फेब्रुवारी १९७८ उजाडलं. तोवर अंतराळ पडद्यावर कसं दिसायला हवं, याबद्दलची प्रेक्षकांची अपेक्षाच बदलून गेली होती. ‘क्वार्क’ने ‘स्टार वॉर्स’चीही खिल्ली उडवून पाहिली. एप्रिलमध्ये गाशा गुंडाळला गेला. वेशभूषेसाठी एमी पुरस्काराचं नामांकन तेवढं पदरात पडलं.

आपल्याकडे १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ दूरदर्शनवर आली, मिलिंद सोमण नायक. पण तो जग वाचवणारा वीर. कचरा उचलणारा नायक आपल्या पडद्यालाही परवडणारा नव्हता.

त्याच वर्षी खरा कचरा पडला

गंमत म्हणजे ‘क्वार्क’ सुरू व्हायच्या बरोबर एक महिना आधी, २४ जानेवारी १९७८ ला, सोव्हिएत रशियाचा ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह कॅनडात कोसळला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सारी तुकडे बर्फाळ प्रदेशात विखुरले. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलरचं बिल लावलं आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली.

१९७८ मध्येच नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांचा शोधनिबंध आला. कक्षेत उपग्रह वाढत गेले तर टक्कर होईल, टकरीतून तुकडे होतील आणि ते तुकडे पुढच्या टकरी घडवतील, असं त्यांचं गणित होतं. १० फेब्रुवारी २००९ ला ते प्रत्यक्षात दिसलं. अमेरिकेचा ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा बंद पडलेला ‘कॉसमॉस २२५१’ एकमेकांवर आदळले.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार, सध्या सुमारे ४० हजार वस्तूंवर नजर ठेवली जाते. त्यातले चालू उपग्रह ११ हजारांच्या आसपास. एक सेंटीमीटरहून मोठे तुकडे १२ लाखांच्या पुढे आहेत. खालच्या कक्षेत त्यांचा वेग सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर असतो. म्हणजे परभणी ते नांदेड हे अंतर आठ सेकंदांत! या वेगाने आलेला बोल्टसुद्धा उपग्रह निकामी करू शकतो.

लाडबोरीत काय झालं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात जळत जाणारी रेघ दिसली. त्याच वेळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. परिसरात नंतर धातूचे गोळेही सापडले. हे चीनच्या ‘लाँग मार्च ३बी’ रॉकेटचे अवशेष असावेत, असं खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आता उचलणार कोण?

जपानच्या ‘ॲस्ट्रोस्केल’ कंपनीचं यान २०२४ मध्ये एका जुन्या जपानी रॉकेटच्या टप्प्यापासून १५ मीटरवर जाऊन पोहोचलं. पाहणी झाली, उचलणं अजून बाकी आहे. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट भारताने जाहीर केलंय. पण कक्षेत आधीच पडलेला दुसऱ्या देशाचा उपग्रह परवानगीशिवाय हलवता येत नाही, कारण तो निकामी झाला तरी मालकी त्याच देशाची राहते. खर्च कुणी करायचा, यावर घोडं अडलंय. ‘क्वार्क’मध्ये निदान खातं तरी होतं.

तुमच्या शेतात पडलं तर?

शक्यता फारच कमी आहे. तरी सोयाबीनच्या रानात अशी अनोळखी धातूची वस्तू दिसलीच तर हात लावू नका. रॉकेटच्या टाक्यांमध्ये हायड्राझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. मुलाबाळांना, जनावरांना लांब ठेवा. लांबूनच फोटो काढा आणि पोलीस ठाणे किंवा तहसील कार्यालयाला कळवा. भंगारात विकायचा मोह नको. नुकसान झालं तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, रॉकेट सोडणारा देश भरपाई द्यायला बांधील असतो. मात्र दावा शेतकऱ्याला थेट नाही, भारत सरकारमार्फत करावा लागतो. त्यामुळे पंचनामा आणि फोटो जपून ठेवा.