माणदेशातील मोटारसायकल प्रवास

माणदेशातील मोटारसायकल प्रवास म्हणजे सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागातून दुचाकीने, बहुधा जोडीदारासह, केला जाणारा लांब पल्ल्याचा प्रवास होय. माण नदीच्या (माणगंगेच्या) खोऱ्याला माणदेश म्हणतात. साताऱ्यातील माण, सांगलीतील आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला हे तालुके त्यात मोडतात. त्याला लागून असलेले खटाव, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत हे तालुकेही दुष्काळी पट्ट्यात गणले जातात. बोलण्यात या भागाला कधी कधी वाळवंट म्हटले जात असले, तरी भूगोलाच्या दृष्टीने तो निमशुष्क प्रदेश आहे. येथे वाळूच्या टेकड्या नाहीत. काळ्या कातळाची पठारे, मुरमाड माळराने आणि बहुतांश वर्ष कोरडे राहणारे ओढे आहेत.

कोरडेपणाचे कारण

अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि पश्चिमेकडेच बहुतेक पाऊस पाडतात. महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी सुमारे 5,500 मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर असलेल्या दहिवडीच्या परिसरात तो 500 मिलिमीटरच्या आसपास असतो. हा पाऊसही मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीच्या वाऱ्यांवर अवलंबून असतो. ते हुकले की रब्बीची ज्वारी आणि जनावरांचा चारा दोन्ही जातात.

मार्ग

सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड, दिघंची, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, मिरज, सांगली असा हा मार्ग अडीचशे किलोमीटरांहून अधिक भरतो. एका दिवसात तो पार करता येत असला, तरी उन्हामुळे दोन दिवसांचा प्रवास सोयीचा ठरतो.

कोरेगावपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. वर्धनगडाचा घाट ओलांडला की येरळेचे खोरे लागते आणि हिरवळ विरळ होऊ लागते. पुढे महिमानगडाच्या डोंगररांगेपलीकडे माण नदीचे खोरे सुरू होते. येरळा कृष्णेला मिळते, तर माण पूर्वेकडे जाऊन भीमेला मिळते. म्हसवडच्या पुढे, दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर, ब्रिटिश काळात दुष्काळी कामातून बांधलेला राजेवाडी तलाव आहे. आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही औंध संस्थानाने 1939 मध्ये सुरू केलेली कैद्यांची खुली वसाहत होती. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. याच तालुक्यातील शेटफळे हे ग. दि. माडगूळकरांचे जन्मगाव आहे. जत तालुक्याच्या सीमाभागात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते.

वाहन आणि रस्ता

मुख्य रस्ते डांबरी आहेत. वाड्यावस्त्यांकडे जाणारे फाटे मात्र बहुधा मुरमाचे असतात. सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास चाक घसरते. पावसानंतर काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिकटून बसते आणि चाक अडकते. वेड्या बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर होण्याचा संभव मोठा असतो, म्हणून पंक्चरचे साहित्य आणि हवेचा पंप जवळ ठेवतात. साखळीवर जास्त तेल असेल तर त्यावर धूळ बसून ती लवकर झिजते. मेंढ्यांचा कळप रस्त्यावर आल्यास हॉर्न वाजवल्याने तो बिथरतो. गाडी थांबवली तर मेंढपाळ स्वतःच कळप एका बाजूला घेतो.

जोडीदार

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 128 नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकालाच बसता येते. कलम 129 नुसार हेल्मेट दोघांनाही बंधनकारक आहे. सोबतीचे खरे महत्त्व उन्हाळ्यात कळते. पारा 40 अंशांवर गेल्यावर गाडी चालवताना लागणाऱ्या वाऱ्याने घाम लगेच सुकतो आणि शरीरातील पाणी किती कमी झाले हे चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही. चक्कर, चिडचिड किंवा बोलण्यातील अडखळ सोबत्याला आधी जाणवते. म्हणून ठरावीक अंतरावर थांबणे, दोघांनी पाणी पिणे आणि चालक बदलणे, अशी पद्धत पाळली जाते. दुपारी बारा ते चार या वेळात प्रवास टाळतात.

पाण्याचा प्रश्न

टंचाईच्या काळात येथील अनेक वाड्यांना टँकरने पाणी पुरवले जाते. मागितल्यावर पाणी नाकारण्याची रीत नाही, मात्र घरात भरून ठेवलेला तो हंडा पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचा असतो. त्यामुळे प्रवाशांनी आपले पाणी मोठ्या गावातून भरून घेणे आणि गाडी धुण्यासारख्या कामासाठी गावातले पाणी न वापरणे, हा या प्रवासाचा महत्त्वाचा संकेत ठरतो.

कृष्णेचे पाणी उचलून पूर्वेकडे नेणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांमुळे या चित्रात बदल होत आहे. कालव्याचे पाणी पोहोचलेल्या शिवारांत डाळिंब, द्राक्षे आणि ऊस दिसतात. न पोहोचलेल्या शिवारांत कुसळी गवताचे माळ आणि मेंढपाळांचे वाडे कायम आहेत. काही ठिकाणी ही दोन्ही दृश्ये एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना आढळतात.