हवामानाचा हिशेब आणि गुंतवणूकदाराचा विश्वास

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुरामुळे पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. महामार्ग बंद म्हणजे कच्च्या मालाची आवक आणि तयार मालाची जावक, दोन्ही बंद. हवामान हा आर्थिक विषय आहे, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगावयास नको. प्रश्न एवढाच की, ज्या कंपन्यांचे शेअर आपण बाळगतो, त्या ही जोखीम आपल्याला खरेपणाने सांगतात काय?

सेबीने मे २०२१ मध्ये बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा अहवाल, विहित केला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. तो वार्षिक अहवालातच असतो. परंतु लाभांशाचा आकडा पाहून अहवाल मिटणारेच आपल्यात अधिक.

बँकेत कॅश क्रेडिटचा खातेदार ठरावीक मुदतीने स्टॉक स्टेटमेंट देतो. अधिकारी ते वाचतो, पण केवळ त्यावर विसंबत नाही. गोदामात जाऊन माल पाहतो, विम्याची मुदत तपासतो. हवामानविषयक अहवालही याच दृष्टीने वाचावा.

पहिली गोष्ट, जोखीम रुपयांत मांडली आहे काय? बीआरएसआरच्या नमुन्यात जोखमीच्या आर्थिक परिणामाचा रकाना आहे. परंतु परिणाम अनुकूल की प्रतिकूल, एवढेच लिहिले तरी तो भरतो. ‘प्रतिकूल’ या एका शब्दावरून भागधारकाने काय समजावे? याउलट, जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयएफआरएस एस-२’ या आंतरराष्ट्रीय मानकात आर्थिक स्थिती, नफा आणि रोख प्रवाह यांवरील परिणाम सांगणे अपेक्षित आहे.

दुसरी गोष्ट, आकडे त्रयस्थाने तपासले आहेत काय? जुलै २०२३ मध्ये सेबीने ‘बीआरएसआर कोअर’ आणून निवडक आकड्यांची स्वतंत्र पडताळणी प्रथम १५० मोठ्या कंपन्यांना आणि पुढे टप्प्याटप्प्याने इतरांना लागू करण्याचे ठरविले. मार्च २०२५ मध्ये मात्र ‘अ‍ॅश्युरन्स’ऐवजी ‘असेसमेंट’चाही पर्याय दिला. यास्तव प्रमाणपत्र कोणाचे आणि कोणत्या प्रकारचे, हे पाहणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट, काय वगळले आहे? कारखान्यातील इंधनाचे आणि विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन सांगणे आवश्यक आहे. पुरवठादारांकडील उत्सर्जन सांगणे ऐच्छिक आहे. आपल्याकडील फौंड्रीत ओतलेला सुटा भाग मोटारीत बसतो, पण त्या भट्टीचा धूर मोटार कंपनीच्या अहवालात दिसेलच असे नाही. एखादे अवजड काम बाहेरून करून घेतले, तर कंपनीचे स्वतःचे उत्सर्जन कागदोपत्री घटते. वातावरणातील घटत नाही. म्हणून घट दिसली की तिचे कारण शोधावे.

गुळगुळीत कागदावरील हिरवी छायाचित्रे पाहून विश्वास ठेवू नये. तसेच सारे अहवाल म्हणजे धूळफेक, असे म्हणून ते बाजूलाही टाकू नयेत. मागील वर्षाचे आकडे शेजारी ठेवून वाचल्यास बरेच उमगते. जी कंपनी उत्सर्जन वाढल्याचेही सकारण नमूद करते, ती अधिक विश्वासपात्र मानावी.

भागधारकाला वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारता येतो आणि आता अनेक सभा ऑनलाइन होत असल्याने घरबसल्याही विचारता येतो. पूर आल्यास कोणता कारखाना बंद पडेल, नुकसान किती होईल आणि त्यापैकी विम्यातून किती मिळेल, एवढे तीन प्रश्न यंदा आपण अवश्य विचारावेत.