ओळख एका तलावाच्या गावाची : बोदलकसा आणि पंचक्रोशी



आपल्याकडे ऊस म्हटला की विहीर, मोटार आणि पाट. पण तलावाच्या पाण्यावर ऊस पिकवणारा मुलूखही आपल्याच राज्यात आहे. म्हणून या अंकात पूर्व विदर्भातल्या बोदलकसा गावाची ओळख आम्ही करून देत आहोत.

बोदलकसा गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात येते. १९९९ पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. भोवती डोंगर, जंगल आणि मातीची पाळ घालून इंग्रज अमदानीत बांधलेला मोठा तलाव. चोरखमाऱ्याचाही असाच तलाव. डाकराम-सुकडीला चक्रधर स्वामींचे देवस्थान. मंगेझरी तर नागझिऱ्याच्या जंगलाला लागूनच. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली व्याघ्र प्रकल्पात आले. म्हणजे शेतकऱ्याला पिकाची राखण आलीच!

इथले मुख्य पीक धान. धानाच्या शेताला इकडे बांधी म्हणतात. या मुलखात तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी गोंड राजांच्या काळची रीत सांगतात. हेच कोहळी उसाचे नामांकित बागाईतदार. तेव्हा ते आपले जुने भाऊबंदच म्हणायचे!

गावोगावच्या या तलावांना मालगुजारी तलाव म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून ते सहा हजारांवर आहेत. पाळ सगळ्यांनी राखायची, पाणी सगळ्यांनी वाटून घ्यायचे, असा रिवाज होता. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. जुलमी पद्धत गेली हे बरेच झाले. पण मग गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची? ‘सरकारचं आहे, सरकार बघेल’ म्हणता म्हणता पुष्कळ तलाव गाळाने भरले.

हे वाचून आम्हाला आपलीच चारी आठवली. वरच्याने दार मोडून पाणी घ्यायचे आणि टेलच्या सभासदाने वाळल्या उसाकडे बघत बसायचे, हे आपल्याकडे दर उन्हाळ्यात चालते. चारीतले गवतसुद्धा ‘खात्याचं काम’ म्हणून तसेच राहते. टेलचा ऊस वाळला तर गाळप आपल्याच कारखान्याचे घटते.

तेव्हा येत्या उन्हाळ्याआधी प्रत्येक गटाने आपली चारी स्वतः साफ करावी आणि पाळीपत्रक ठरवून पाणी टेलपासून वर घेत यावे, एवढीच आमची विनंती.