एका छपराखालचा बाजार

एका छपराखाली अनेक दुकाने ही कल्पना आम्हा लष्करवासीयांस परकी नाही. महाराजबाड्यावरील व्हिक्टोरिया मार्केट माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत उभे राहिले आणि आमच्या वडिलांच्या व आमच्याही पिढीने तेथे खरेदी केली. २०१० साली आगीत त्याची राख झाली. पुढे इमारत सावरून तेथे भूविज्ञानाचे संग्रहालय करण्यात आले व १५ डिसेंबर २०२४ रोजी उपराष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाजार गेला, परंतु वास्तू राहिली, एवढे तरी समाधान आहे. मुंबईच्या उपनगरातील ज्या बाजाराविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याच्या वाट्यास तेवढेही आले नाही.

आमची कन्या भांडुपास दिली आहे. त्या निमित्ताने तेथील लालबहादूर शास्त्री मार्गावरून आमचे वरचेवर जाणे-येणे होते. पूर्वी हा मार्ग कारखान्यांचा होता. कारखाने उठले, जमिनी मोकळ्या झाल्या आणि त्यांवर निवासी मनोरे व मॉल उभे राहिले. मुलुंडास निर्मल लाइफस्टाइल आधीच गाजत होता. २००९ साली घाटकोपरास आर सिटी आणि भांडुपास ड्रीम्स असे दोन मॉल झाले. पहिल्याची भरभराट झाली, दुसरा बुडाला. मार्ग एक, वर्ष एक, गिऱ्हाईकही त्याच उपनगरांतले. मग असे का व्हावे, हा प्रश्न व्यापारी माणसास पडल्यावाचून राहत नाही.

मॉलची मूळ कल्पना अमेरिकेतील. व्हिक्टर ग्रुएन या वास्तुशिल्पज्ञाने मिनेसोटा राज्यातील एडिना येथे १९५६ साली साउथडेल हा पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित बाजार उभारला. उपनगरातील लोकांस चार घटका एकत्र बसण्यास चौक मिळावा असा त्याचा हेतू होता. उतारवयात मात्र आपल्या कल्पनेचे जे झाले ते पाहून त्याने हे अपत्य आपले मानण्यास नकार दिला. मुंबईत १९९९ साली हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स झाला, तेव्हा आरंभी ज्याच्याजवळ मोबाइल फोन वा क्रेडिट कार्ड असेल त्यास मुक्त प्रवेश व इतरांस प्रवेशमूल्य, अशी तऱ्हा होती. गिऱ्हाइकाची ऐपत दारातच तपासणारा दुकानदार आम्ही तरी दुसरा पाहिला नाही!

आता भांडुपकडे वळू. ड्रीम्स मॉलमध्ये सुमारे हजार गाळे होते आणि ते निरनिराळ्या लोकांस विकलेले होते. आमच्या मते सारे मर्म येथेच आहे. जो मॉल एका धन्याच्या हाती असतो, तो गाळे भाड्याने देतो. कोणते दुकान कोठे असावे, कोणास सवलत द्यावी, कोणास उठवावे, हे तो ठरवितो आणि गिऱ्हाईक न आल्यास त्याचेच भाडे बुडते. गाळे विकून मोकळा झालेला बांधकामदार मात्र पैसे घेऊन दूर होतो. मागे उरतात हजार मालक आणि एक जिना. दहा जणांनी देखभालीचा पैसा थकविला की सरकता जिना बंद पडतो. जिना बंद पडला की वरच्या मजल्याचे गिऱ्हाईक तुटते. ते तुटले की आणखी वीस जण पैसे थकवितात. मग विजेचे बिल, मग पाण्याचे पंप. हा हिशेब समजण्यास मॅट्रिकपर्यंतचे शिक्षणही पुरेसे आहे.

कोणी म्हणेल, दाल बाजारात वा इंदरगंजात तरी एक धनी कोठे आहे? नाही, हे खरे. परंतु आमच्याकडे येणारा माणूस इमारत पाहावयास येत नाही. तो डाळीची प्रत, वजन आणि उधारीचा शब्द यांसाठी येतो. शेजारच्या पेढीला कुलूप लागले तर आम्हांस वाईट वाटते, पण आमचा रस्ता बंद होत नाही. मॉलमध्ये इमारत हाच माल असतो.

भांडुपच्या या मॉलचा वाद राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेला आणि २०१८ साली तेथे प्रशासक नेमण्यात आला. मॉल उभारणारा एचडीआयएल समूह २०१९ साली दिवाळखोरीच्या कार्यवाहीत सापडला. त्याच वर्षी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले व ठेवीदारांचे हाल झाले, ते वाचकांस आठवत असेल. त्या बँकेचे फार मोठे कर्ज याच समूहाकडे होते. पुढे कोरोनाच्या काळात मॉलच्या वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू झाले. २५ मार्च २०२१ च्या मध्यरात्रीच्या सुमारास खालच्या गाळ्यांत आग लागली आणि धूर वर चढला. सत्तरांहून अधिक रुग्ण तेथे होते. अकरा जण दगावले. आम्ही त्या वेळी ग्वाल्हेरास होतो; कन्येने पहाटे फोन करून सांगितले, तेव्हा प्रथम आमचा विश्वासच बसेना. मॉलमध्ये रुग्णालय? मुंबईच्या महापौरांनाही त्या दिवशी हेच आश्चर्य वाटले होते. त्यानंतर बाजार म्हणून त्या वास्तूत काही उरले नाही.

हे सारे दुरून लिहितो आहोत असे कोणी समजू नये. आमच्या घरचाही एक गाळा अशाच एका मॉलमध्ये अडकला आहे. त्याचे व त्या गावाचे नाव येथे देत नाही. पुतण्याने हौसेने घेतला. गोदामाचा एक भाग विकून पैसा आम्हीच दिला, तेव्हा दोष एकट्या त्याचा नाही. तीन वर्षे ठरावीक भाड्याची हमी होती व ती पाळलीही गेली. चौथ्या वर्षी एकही भाडेकरू मिळाला नाही. आता विचार करता वाटते की, ते भाडे म्हणजे आम्ही दिलेल्या किमतीतलाच काही भाग हप्त्याहप्त्याने परत येत होता. आजमितीस मालमत्ता-कर आम्ही भरतो, देखभालीची नोटीसही येते, आणि गाळ्याचे शटर उघडून दोन वर्षे झाली.

पुतण्या आता सकाळी आमच्यासोबत पेढीवर बसतो आणि तुरीचा नमुना पारखण्यात आमच्याहून तयार झाला आहे. सभासदांपैकी कोणाच्या मुलाबाळांनी असा गाळा घेण्याचे मनात आणले असेल, तर त्यांनी करारनामा घेऊन अवश्य यावे. जिन्याचा, पाण्याचा व विजेचा खर्च कोणाच्या नावावर आहे, गाळे विकले गेल्यावर बांधकामदार बांधील राहतो की नाही, ही कलमे कोठे दडलेली असतात ते पुतण्या दाखवील. दुपारी चारनंतर, लिलावाची गडबड ओसरली की, आम्ही दोघेही इंदरगंजातच असतो.