सेवेचं माप कुठल्या पट्टीनं?

स्वारगेटच्या एसटी स्थानकात गाडीची वाट पाहताना मी माणसं पाहतो. कवीला तेवढंच काम. मागे एकदा आमची गाडी फलाटावरून निघाली आणि कंडक्टरनं घंटी देऊन ती थांबवली. खाली उतरून एका आजींचं बोचकं उचललं, त्यांना हात देऊन वर घेतलं, जागा करून दिली. आगाराच्या हिशेबात या सगळ्याची नोंद काय होणार? फार तर एक अर्धं तिकीट. किलोमीटरमागे उत्पन्न किती, भारमान किती, हे तिथं रोज मोजतात. हात दिल्याचा रकाना नाही. (एसटीचा माणूस काटेकोरपणे सरकारी नव्हे, महामंडळाचा, पण लोकांच्या लेखी तो सरकारचाच.)

हा रकाना तयार करण्याचा प्रयत्न मात्र झाला आहे. अमेरिकेतले लोकप्रशासनाचे अभ्यासक जेम्स पेरी यांनी 1996 साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात 24 विधानं आहेत. प्रत्येकाशी आपण किती सहमत, ते सांगायचं. धोरण आखण्याची ओढ, लोकहिताची बांधिलकी, कळवळा आणि स्वतः झीज सोसण्याची तयारी, अशा चार अंगांनी माणसाची सेवावृत्ती जोखायची. पुढे कितीतरी देशांत ही पट्टी वापरली गेली.

मीही सरकारी कचेरीत कारकुनी केलेली. उत्सुकतेनं स्वतःला ती पट्टी लावून पाहिली. समाजाचं भलं स्वतःच्या फायद्याहून मोठं वाटतं का? पूर्ण सहमत. दुसऱ्याचं दुःख पाहून जीव कासावीस होतो का? पूर्ण सहमत, कवीच मी! गुण भरघोस पडले. आणि मग एक संध्याकाळ आठवली. पेन्शनच्या कागदासाठी खेड्यातून आलेली एक विधवा बाई. एक शिक्का राहिला होता. पाच मिनिटांचं काम, पण कपाटाला कुलूप लागलं होतं, म्हणून मी तिला ‘उद्या या’ म्हटलं. उद्या येणं म्हणजे तिची एक दिवसाची मजुरी, हे मला ठाऊक होतं.

प्रश्नावलीची अडचण ही अशी आहे. बरं उत्तर कोणतं, ते सगळ्यांनाच कळतं. म्हणून रेमा हॅना आणि शिंग-यी वँग या दोघी संशोधिकांनी बेंगळुरूत वेगळी वाट धरली. विद्यार्थ्यांना फासा दिला. 42 वेळा टाकायचा, पडलेले आकडे स्वतःच लिहायचे. बेरीज मोठी तितके पैसे जास्त. एकटा माणूस खोटं बोलला की नाही, हे सांगता येत नाही. पण सरासरी बेरीज 147च्या आसपास यायला हवी, एवढं गणित पक्कं. 2017 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या बेरजा संशयास्पद मोठ्या होत्या, त्यांचा ओढा सरकारी नोकरीकडे अधिक होता. सरकारी परिचारिकांनाही फासा दिला, तेव्हा लबाडीची बेरीज आणि कामावरच्या खोट्या गैरहजेऱ्या यांचं नातं दिसलं. आम्हा सरकारी माणसांना हे झोंबणारं आहे. पण सगळ्यांना एकाच फाशानं मोजणंही बरं नव्हे. फासा लबाडी पकडतो, आजींचं बोचकं त्याला दिसत नाही.

आपल्याकडे 2015 सालापासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरल्या मुदतीत दाखला दिला नाही, तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. हा कायदा दिवस मोजतो, मन नाही. मला ते पटतं. त्या बाईला माझ्या कळवळ्याचं काय करायचं होतं? तिला शिक्का हवा होता.

तरीही त्या दिवशी राहवलं नाही. गाडी कात्रजचा घाट चढत होती, तेव्हा कंडक्टरला विचारलं, ही नोकरी कशासाठी करता?

‘पगारासाठी, चाचा,’ तो म्हणाला. ‘आणखी कशासाठी?’ आणि सुटे पैसे मोजायला लागला.