पिठाशिवायचा तांबडा रस्सा

बीड-नगरकडच्या पंगतीत येसरची आमटी ज्यांनी ओरपली असेल, त्यांना पिठाची करामत वेगळी सांगायला नको. धान्य आणि डाळी मसाल्यांसकट भाजून दळलेलं ते पीठ उकळत्या पाण्यात पडलं की पातेलंभर आमटी दाट होते. कोंबडीच्या रश्श्यालाही ते चालतं. प्रश्न येतो तो धान्य सोडलेल्या माणसापुढे. त्याने फळफळीत रस्साच खायचा का?

मुळीच नाही. त्याने सरळ कोल्हापूरची वाट धरावी. तांबड्या रश्श्याला पीठ लागतच नाही आणि तो काही कुणा पथ्यकऱ्यासाठी शोधलेला नाही. त्याचा दाटपणा येतो दोन ठिकाणांहून, हाडातून आणि वाटणातून.

आधी हाडाचं. एक किलो कोंबडी हाडासकट घ्यावी. बोनलेस तुकड्यांचा रस्सा करणं हा शुद्ध पैशाचा अपव्यय. हळद, मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून थोड्या तेलावर परतावी, मग दीड लिटर गरम पाणी घालून शिजवावी. हे अळणी. घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना यातली वाटी आधी मिळते. हाडांच्या सांध्यांतलं, कातडीतलं कोलॅजन हळूहळू पाण्यात उतरून त्याचं जिलेटिन होतं, आणि ओठाला किंचित चिकटणारा तो दाटपणा येतो. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा कोवळा पक्षी. वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो, पण रस कमी सोडतो. गावरान कोंबडी तास-दीड तास दमवते आणि त्याची भरपाई करते. ब्रॉयलरच असेल तर मान, पाठ आणि पाय मागून घ्यावेत आणि मांस काढून घेतल्यावर तेवढेच आणखी अर्धा तास उकळावेत.

आता वाटण. अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, चमचाभर तीळ, अर्धा चमचा खसखस, दोन कांदे, दोन-तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा. कांदे सालासकट थेट गॅसवर भाजावेत, काळी झालेली साल मग काढून टाकावी. खोबऱ्यावरून मात्र नजर हलवू नये. मंद आचेवर ते बराच वेळ पांढरंच राहतं, मग कडेने बदामी व्हायला लागतं, आणि तिथून करपायला अर्धं मिनिट पुरतं. करपलं तर टाकून द्यावं. तो कडवटपणा कशानेही झाकला जात नाही. वाटण गंधासारखं बारीक हवं, कारण खोबऱ्याची भरड तळाशी बसते आणि वर पाणी राहतं. पुष्कळ घरांत इथे मूठभर डाळं घालतात. हरभऱ्याचीच डाळ ती, तेव्हा कडधान्यही सोडलेल्यांनी ती वगळून तीळ थोडे वाढवावेत.

तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतलं की तीन-चार चमचे कांदा-लसूण चटणी घालावी. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात नाही. म्हणून चटणी तेलातच पडली पाहिजे, आच मंद करून. लगेच गरम अळणी ओतावं आणि दहा मिनिटं उकळू द्यावं. वर लाल कट येतो. रंग हवा तर ब्याडगी, ठसका हवा तर लवंगी. जाळ जास्त झाला तर पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उपयोग नाही, दही किंवा दूध घ्यावं.

चटणी विकतची असेल तर पुडीमागची बारीक अक्षरं वाचावीत. खरी गोम हिंगात असते. बाजारातल्या बहुतेक डब्यांत हिंगाबरोबर गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ असतं. सिलियाक हा गहू न सोसण्याचा विकार असलेल्याला त्यातलं गव्हाचं पीठ चिमूटभरही चालत नाही. त्याला ज्वारी, बाजरी, तांदूळ मात्र चालतात, फक्त दळण गव्हाच्या गिरणीतलं नको. सगळंच धान्य सोडायचं त्याला कारण नाही.

राहिला प्रश्न भाकरीचा. रस्सा वाटीने प्यावा, त्यात उकडलेला बटाटा किंवा अंडी सोडावीत, सोबत कांदा-लिंबू. अगदीच मोडून खायला काही हवं असेल तर राजगिऱ्याची किंवा शिंगाड्याची भाकरी थापावी. दोन्ही तृणधान्यं नव्हेत. वरी उपासाला चालत असली तरी ती तृणधान्यच. उपासाच्या पिठाची भाकरी कोंबडीच्या रश्श्यात बुडवलेली बघून घरातली आजी काय म्हणेल, ते ज्याचं त्याने निस्तरावं.